जास्तीत जास्त दोन

कॅसिनोतल्या टेबलाच्या हिरव्या कापडावर सहा गोल होते. चार रिकामे. उजवीकडच्या टोकाच्या गोलात मॅकरेडीने पैशांऐवजी लावलेल्या पाच लाल चिप्स. डॅडच्या गोलात तीन. डॅडच्या डाव्या कोपराशी कॉफीचा एक कप, अर्धा. उजव्या हाताशी चिप्सच्या दोन चवडी, एक उंच, एक बुटकी. मधे घडी केलेला चष्मा, जो त्याला पत्त्यांसाठी लागत नाही, फक्त बिलं वाचायला लागतो. पत्ते वाटणाऱ्या लिगायाचा हात पत्त्यांच्या डब्यावर होता. मी डॅडच्या मागच्या उंच स्टुलावर बसून हे सगळं बघत होते, आणि बघता बघता मोजत होते, कारण मोजल्याशिवाय मला नीट बघता येत नाही. तीन. मी पुन्हा मोजल्या. तीनच होत्या. दोन हव्या होत्या.

आधी वाटलं, माझंच चुकलं. मी मधे लिगायाच्या पाठच्या, खिडकीसारख्या दिसणाऱ्या आरशाकडे बघत होते, एखादा डाव निसटला असेल. पण नव्हता निसटला. डॅडने एक लावली, जिंकला. तीन लावल्या, जिंकला. लिगायाने त्याच्या तीन चिप्सशेजारी आणखी तीन ठेवल्या, तेव्हा चिप्सचा तो सुका, दाताखाली खडा यावा तसा आवाज मी ऐकला होता. आता सहातल्या चार उचलायच्या आणि दोन ठेवायच्या. हे डॅडच्या हाताला माहीत आहे. डोक्याला कळवण्याचीही गरज नसते. त्याने तीन उचलल्या आणि तीन ठेवल्या. अगदी सहज. हात परत कॉफीच्या कपाकडे गेला. काहीच झालं नव्हतं. माझ्या मानेच्या मागे मात्र कुणी बर्फाचं भांडं टेकवल्यासारखं झालं, आणि ते तिथेच राहिलं.

एक, तीन, दोन, सहा. मी हा क्रम पाढ्यांच्या आधी शिकले. आधी एक चिप लावायची. जिंकलं तर पुढच्या डावाला तीन. पुन्हा जिंकलं तर दोन. पुन्हा जिंकलं तर सहा. सहावरही जिंकलं की सगळं उचलून परत एकवर यायचं, आणि मधे कुठेही हरलं तरी परत एकवर. बरोबरी झाली तर आहे त्याच पायरीवर थांबायचं. बस, एवढंच. एकवीसच्या टेबलावर याहून कमी धोक्याचं काही नाही, असं डॅड म्हणायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर राजम्याचे दाणे मांडून तो मला दाखवायचा. "पहिल्याच डावात हरलीस, एक दाणा गेला. दुसऱ्यात हरलीस, एक आलेला आणि तीन गेलेले, म्हणजे किती गेले?" "दोन." "आणि तिसऱ्यात हरलीस तर?" मी बोटांवर मोजून बघायची. "दोन आले!" "चौथ्यात?" "काहीच नाही. ना आले ना गेले." "मग जास्तीत जास्त किती जातील?" "दोन," मी ओरडायची. "जास्तीत जास्त दोन," तो समाधानाने म्हणायचा, आणि सगळे दाणे बरणीत परत भरायचा, कारण रात्री तेच शिजवायचे असत. पुढे हे वाक्य आमच्या घरात सगळ्यालाच लागू झालं. शाळेच्या नाटकात भाग घेऊ का? जास्तीत जास्त किती जाईल, टिली? जुना ट्रक घेऊ का? जास्तीत जास्त किती जाईल? मॉम सॅक्रामेंटोला निघून गेली त्या दिवशी त्याने हा प्रश्न विचारला नाही. अंगणात उभं राहून त्याने पाइपने झाडांना पाणी घातलं. घालतच राहिला. मग शेजाऱ्यांचं तळघर गळायला लागलं.

लिगायाने पत्ते वाटले. डॅडला दहा आणि नऊ. लिगायाच्या उघड्या पत्त्यावर सहा. तिने पालथा उलटला, आणखी एक ओढला आणि एकवीस ओलांडून बाविसावर जाऊन फुटली. डॅड जिंकला. चुकीच्या तीन चिप्सवर तो जिंकला, आणि बरोबर खेळला असता तर मिळाली असती त्यापेक्षा एक चिप जास्त घेऊन बसला. मला याचाच जास्त धक्का बसला, का ते सांगता येणार नाही. चुकीला निदान काहीतरी आवाज असावा, कुठेतरी काहीतरी फुटावं, अशी माझी अपेक्षा असावी. लिगाया चिप्स ठेवायला पुढे झुकली आणि तिचं बोट क्षणभर हवेत थांबलं. ती गेली कित्येक वर्षं डॅडला पत्ते वाटते. त्याच्याशेजारच्याच टेबलावर ती पत्ते वाटायला शिकली, तेव्हा तो डीलर होता आणि ती नवी. तिचं बोट थांबलं, तिने गोलाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग तीन चिप्स ठेवल्या. डॅडने सगळ्या उचलल्या आणि दोन लावल्या.

दोन. म्हणजे त्याच्या हिशोबात तो आत्ता कुठे तिसऱ्या पायरीवर आला होता. एक, तीन, तीन, दोन. क्रम मोडला नव्हता. त्यातला एक डाव नाहीसा झाला होता. तो डाव त्याने खेळला, जिंकला, त्याच्या चिप्स घेतल्या, त्या चवडीत रचल्या, आणि तो झालाच नव्हता.

"लायल, आज तुला जावई करून घेतलंय वाटतं टेबलाने," मॅकरेडी म्हणाला. मॅकरेडी ट्रक चालवायचा. आता गुडघे चालत नाहीत म्हणून इथे येऊन बसतो. दातांत कायम काडी.

"तुला नाही जमणार रे ते," डॅड म्हणाला. "तू पाच म्हणजे पाच. जिंकलास तरी पाच, हरलास तरी पाच. बायकोशीपण असाच वागायचास का?"

"तीन बायका झाल्या माझ्या. जास्तीत जास्त दोन नाही झाल्या."

डॅड हसला. मला वाटलं, बघ, हसतोय, लगेच उत्तर देतोय, शब्द जागच्या जागी आहेत. मी मनात घाईघाईने एक बाजू भरायला लागले. सकाळी त्याने मला ट्रकमधून आणलं तेव्हा तो नेहमीच्या वळणावर वळला. माझ्या प्रयोगशाळेतल्या बाईंचं नाव त्याने न चुकता घेतलं. नदीला यंदा गाळ किती, असं विचारलं आणि मी सांगितलेला आकडा ऐकून "गेल्या वर्षीपेक्षा कमी" असंही म्हणाला, जे खरं होतं. मी नदीच्या पाण्याचे नमुने तपासते. काचेच्या नळीतून प्रकाश सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते मोजायचं. जो पोचला नाही तो गाळ. पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवतात की एक नमुना म्हणजे काहीच नाही. नळीवर बोटाचा ठसा असतो, हवेचा बुडबुडा असतो. एका आकड्यावरून नदीबद्दल बोलायचं नाही. मी स्वतःला हे सांगितलं. बोटाचा ठसा. बुडबुडा.

पण मला नदीन आत्या आठवली. डॅडची मोठी बहीण, एका मोठ्या कॅसिनोच्या पैशांच्या खिडकीत आयुष्यभर बसलेली. शेवटी ती ज्या वृद्धाश्रमात होती तिथे आम्ही रविवारी जायचो. तिच्यासाठी नेलेली खारी बिस्किटं ती खायची नाही. पाच-पाचच्या चवडी रचायची, प्रत्येक चवडीवरून अंगठ्याने धार चापून बघायची आणि नर्सच्या दिशेने सरकवायची. "मोजून घ्या मॅडम, नंतर तक्रार चालणार नाही." नर्स मोजून घ्यायची. चवडीत कधी चार नसायची, कधी सहा नसायची. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मला वाटलं होतं की जिची चवड चुकत नाही ती काही इतकी आजारी नसणार. परत येताना ट्रकमध्ये डॅड म्हणाला, "हात सगळ्यात शेवटी जातात." मी हे वाक्य विसरले होते. मॅकरेडीच्या तीन बायका आणि लिगायाचं थांबलेलं बोट यांच्या मधून ते आत्ता वर आलं. कारण डॅडचे हात आत्ता बरोबर चालले होते. फक्त मधला एक डाव त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

पुढचा अर्धा तास मी ते केलं जे करायचं नव्हतं. मी प्रत्येक डाव मोजला. एखाद्याच्या खोलीत तो झोपला असताना कपाट उघडावं तसं मला वाटत होतं, पण थांबता येईना. तो हरला की बरोबर एकवर यायचा. हरल्यावर चुकण्याची सोय नसते, चिप्सच गोलात उरत नाहीत. जिंकला की मात्र मी त्याच्या बोटांकडे बघायची. दोनदा बरोबर. एकदा बरोबरी झाली आणि तो पुढच्या पायरीवर गेला, जायला नको होतं. ते मी सोडून दिलं, बरोबरीला कुणीही गोंधळतं. मग पुन्हा बरोबर. मग एकवर जिंकला आणि पुन्हा एकच लावली, आणि लावल्यावर गोलाकडे असा बघत राहिला जसं कुणी दार उघडून खोलीत यावं आणि कशाला आलो ते आठवू नये. माझ्या पायांना स्टुलाची दांडी लागत नव्हती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी त्याला सुट्टीत एक पानभर गणित करून दाखवलं होतं: क्रम कुठलाही घे, एक-तीन-दोन-सहा घे नाहीतर सगळे डाव सारखेच लाव, लांबच्या हिशोबात कॅसिनो तेवढंच खाणार, फक्त हेलकावे कमी-जास्त. त्याने ते पान पूर्ण वाचलं होतं, चष्मा लावून. "बरोबर आहे," तो म्हणाला होता. "मी एकतीस वर्षं टेबलाच्या खाणाऱ्या बाजूला उभा होतो, टिली. मला ठाऊक आहे. मला हेलकावे कमी हवेत, बाकी काही नको." आम्ही दोघंही खूश झालो होतो, कारण दोघांचंही उत्तर एकच होतं. त्या पानावर पहिलं वाक्य असं होतं, की खेळणारा आपण कुठल्या पायरीवर आहोत हे विसरत नाही असं धरून चालू. ते वाक्य लिहिताना मी विचारसुद्धा केला नव्हता. गणितात आपण अशी वाक्यं लिहितो, श्वास घेतल्यासारखी.

डब्यातले पत्ते संपत आले होते. डॅड सलग तीन डाव जिंकला होता, या खेपेला तीनही पायऱ्या बरोबर, आणि त्याच्या गोलात सहा चिप्स होत्या. मला ते सहा बघून एवढा आनंद झाला की मी हात पुढे करून त्याच्या पाठीवर ठेवणार होते. तेवढ्यात दुसरी डीलर आली, उंच केस बांधलेली बाई, आणि तिने मागून लिगायाच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. पाळी बदलली. लिगायाने डब्यावरचा हात काढला, दोन्ही हात पुढे धरले, एकदा टाळी वाजवली, तळवे वर केले, मग पालथे केले. छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायचं असतं, की बघ, हातांत काही नाही, काही घेऊन जात नाही. प्रत्येक डीलर टेबल सोडताना हे करतो. आमच्या घरात हे रोज चालायचं. भांडी घासून झाली की डॅड सिंकपाशी टाळी वाजवून तळवे दाखवायचा. मला झोपवून दिवा मालवला की दारात उभा राहून, आवाज न करता, तसंच. मला वाटायचं सगळ्यांचे वडील असंच करतात. शाळेत मैत्रिणीच्या घरी मी जेवून उठले आणि टाळी वाजवून तळवे दाखवले, तेव्हा तिची आई घाबरली होती.

लिगाया बाजूला झाली. आणि डॅड उठला. खुर्ची त्याने आत सारली नाही, मागे ढकलली, जसं उभ्यानेच काम करणारा माणूस मधे आलेलं काही ढकलतो. त्याने दोन्ही हात टेबलावर धरले, टाळी वाजवली, तळवे वर, तळवे पालथे. चेहरा छताकडे. मग तो डावीकडे वळून, चिप्सच्या दोन्ही चवडी, चष्मा आणि गोलातल्या सहा चिप्स तशाच ठेवून, लिगायाच्या मागोमाग चालायला लागला.

मॅकरेडी खदखदून हसला. काडी तोंडातून पडली. "अरे लायल! पगार घ्यायला चाललास का? गोलातल्या चिप्स नवीन बाईला बक्षीस दिल्यास वाटतं?" नवीन डीलरही हसली. पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी मान वळवून पाहिलं आणि तेही हसले. जुन्या डीलरने केलेली ती छान नक्कल होती. सगळ्यांना कळली. मी हसले नाही, कारण मला त्याची पाठ दिसत होती. ती पाठ गंमत करत नव्हती. ती दमलेली होती. आठ तास उभ्याने काढलेल्या माणसाची पाठ मी लहानपणी रोज दारातून आत येताना पाहिली आहे. उजवा खांदा थोडा खाली, कारण पत्ते त्याच हाताने वाटलेले असतात. नोकरी सोडल्यापासूनच्या नऊ वर्षांत तो खांदा सरळ झाला होता. आत्ता तो खाली होता.

तो कर्मचाऱ्यांच्या दारापर्यंत गेला. त्या दाराला मूठ नाही, छातीवरचं ओळखपत्र टेकवावं लागतं. त्याचा हात छातीकडे गेला. खिशावर थापला. मग दुसऱ्या बाजूला थापला. लिगाया त्याच्या हातभर अंतरावर उभी होती, स्वतःचं ओळखपत्र मुठीत धरून, आणि दार उघडत नव्हती. किती वेळ गेला मला माहीत नाही. मी मोजला नाही. मग तो वळला. त्याने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, हसणाऱ्या मॅकरेडीकडे, टेबलाकडे, माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पाटी पुसल्यावर असतं तसं. आणि मग तो हसला. दोन्ही हात पसरून, नाटकात वाकतात तसा वाकला. "बघत होतो, अजून जमतं का," तो म्हणाला. मॅकरेडीने टेबल बडवलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का तो दाराशी गेला याचा नव्हता. तो किती पटकन हसला, याचा होता. म्हणजे हे हसू तयार होतं. म्हणजे ते आधी कुठेकुठे वापरून झालं होतं.

तो परत येऊन बसला. नवीन डीलरने डाव वाटला. सहा चिप्स गेल्या. "ना आले ना गेले," तो म्हणाला आणि कॉफी प्यायला.

मी बाथरूमला जाते म्हणून उठले. लिगाया पाण्याच्या नळापाशी उभी होती, दोन्ही मनगटं गार पाण्याखाली धरून. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आरशातून पाहिलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"वसंत ऋतूपासून. आधी महिन्यातून एकदा. आता रोज." तिने नळ बंद केला. "टेबलावर मी बोलू शकत नाही, पोरी. कुणी किती लावावं ते डीलरने सांगायचं नाही. शपथेसारखं असतं ते. त्यानेच मला शिकवलं."

"मला फोन करायचास."

"काय सांगू? तुझा बाप दोनऐवजी तीन लावतो, आणि जिंकतो?" ती हसायला गेली, पण ओठ वाकडे झाले. "मी हळू वाटते त्याच्यासाठी. बघितलंस? त्याची पाळी आली की थोडी थांबते. डब्यावर हात ठेवून. सुपरवायझर दोनदा ओरडला, की लिगाया, झोप लागली का. तेवढंच करता येतं मला. कधी कधी त्या थांबण्यात त्याला आठवतं. मग तो एखादी चिप परत उचलतो."

म्हणजे मी मोजलेलंही खरं नव्हतं. म्हणजे खरे आकडे याहून वाईट होते, आणि कुणीतरी रोज दुपारी, शब्दही न बोलता, त्यांना आपल्या हाताने थोडं वर उचलून धरत होतं. मी भिंतीला टेकले. फरशीच्या पांढऱ्या चौकोनांमधल्या रेघा मला एकदम फार स्पष्ट दिसायला लागल्या, उन्हात दिसाव्यात तशा. लिगायाने ओले हात माझ्या गालांना लावले. "अमुक कर, तमुक कर, असं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "पण त्याला ट्रक चालवू देऊ नकोस. मागच्या आठवड्यात तो गाडीतळावर तासभर फिरत होता. मला म्हणाला, ऊन खातोय."

बाहेर लख्ख ऊन होतं. ट्रक तिसऱ्या रांगेत होता आणि डॅड सरळ तिथे गेला, एकदाही न अडखळता, आणि मला त्याचाही भरवसा वाटेना. बरोबर गोष्टींचाही भरवसा गेला होता. तो चालकाच्या बाजूला उभा राहिला, किल्ली हातात. मी बोलायला तोंड उघडलं.

"तू मोजत होतीस," तो म्हणाला.

"काय?"

"मनात पत्ते मोजून खेळणाऱ्याला पकडायचं असेल तर हात बघायचे नसतात. ओठ बघायचे. एकतीस वर्षं मी ओठ बघितले." त्याने किल्ली उलटसुलट केली. "तुझे हलतात. लहान असल्यापासून. लिगायाच्या पाठीमागच्या आरशात दिसत होते मला."

तो आरसा. मी विसरलेच होते की आरशातून दोन्ही बाजूंनी दिसतं.

"किती वेळा चुकलो?"

"एकदा," मी म्हणाले. "बरोबरी झाली तेव्हा. ते कुणाचंही होतं."

"नदीच्या पाण्याचं सरकारला असंच कळवतेस का? गाळ आहे, पण जरासाच, कुणाचाही असतो?"

पलीकडे कुणीतरी गाडीचं दार लावलं. डॅड दूर डोंगरांकडे बघत होता, पण बघण्यासारखं तिथे काही नव्हतं, नेहमीचेच डोंगर होते.

"तिथे त्या दाराशी," तो म्हणाला, "मला खात्री होती, टिली. शंका नव्हती. शंका असती तर बरं होतं. माझ्या पायांत ठणका होता, आठ तासांचा. मला एवढंच वाटत होतं की आत जाऊन बूट काढायचे." मग तो म्हणाला, "नदीनला कुणी सांगितलं नाही. आम्ही सगळ्यांनी बिस्किटं मोजून घेतली. मीपण घेतली. तसं नको."

"डॉक्टरकडे जाऊ. मी उद्याच वेळ घेते."

"जाऊ ना. डॉक्टर मला विचारेल आज वार कुठला आणि देशाचा अध्यक्ष कोण. ते मी पाठ करून जाईन, आत्ताच येतंय. मला लपवता येतं, बघितलंस ना तू. पत्त्यांत नाही लपवता येत." त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ बंद केली. मग त्याचे रिकामे हात एकमेकांकडे निघाले, टाळीसाठी, आणि मधेच थांबले. त्याने ते काखेत घालून घट्ट दाबून धरले, आणि दुसऱ्या बाजूने जाऊन बसला. त्या बाजूला तो मी अठरा वर्षांची होऊन गाडी शिकले तेव्हा बसला होता, त्यानंतर नाही. पट्टा त्याला सापडेना. मी वाकून लावून दिला.

घरी पोचेपर्यंत आम्ही फक्त एकदा बोललो. "जास्तीत जास्त किती जाईल?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. त्याने ते मला विचारलं की नुसतं म्हटलं ते कळलं नाही. मी सिग्नलला थांबले होते. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने भोंगा वाजवला, मग पुन्हा वाजवला.

स्वयंपाकघरात अजून भरपूर उजेड होता. डॅडने टेबलावर भांडी पुसायचं जाड फडकं पसरलं, चारही कोपरे ओढून सरळ केलं. एका बशीच्या कडेने पेन्सिल फिरवून मधे गोल काढला. फडताळातून राजम्याची बरणी काढली आणि मोजून पन्नास दाणे स्वतःपुढे घेतले; मोजताना चुकला नाही. पत्त्यांचा जोड पिसताना त्याचे हात मी लहानपणी पाहिले होते तसेच चालत होते, पत्ते पाण्यासारखे एकमेकांत शिरत होते. त्याने जोड माझ्यापुढे ठेवला.

"तू वाट. एकसारख्या वेगाने. लिगायासारखं थांबायचं नाही."

मी त्याच्याकडे बघितलं.

"मला कळत नाही का ती थांबते ते?" तो म्हणाला. "तिला मी वाटायला शिकवलंय. तिच्या हाताला थांबायची सवय नाही. आणि ओठ हलवू नकोस, मी तुझ्या ओठांवरून वाचेन. चुकलो तर सांगायचंही नाही. शेवटी एकदाच सांग. जसं कळवतेस तसं."

"डॅड, आज नको. आज दमलायस."

"वाट गं."

त्याने एक दाणा गोलात ठेवला. पहिला पत्ता फडक्यावरून घसरून जमिनीवर पडला आणि त्याने तो वाकून उचलून दिला. मी ओठ दातांखाली धरले आणि वाटायला लागले. मी थांबले नाही. तो जिंकायचा तेव्हा मला थांबावंसं वाटायचं, जोडावर हात ठेवून नुसतं एकदा श्वास घेण्याएवढं, आणि मी थांबले नाही. मधे त्याने एकदा डोळे मिटले. मधे एकदा तो गोलातल्या दाण्यांकडे बघून हळूच म्हणाला, "हे मी ठेवलेत?" आणि मी पुढचा पत्ता वाटला, कारण उत्तर द्यायचं नव्हतं. खिडकीतला उजेड टेबलावरून सरकून भिंतीवर गेला. जोड संपायचा, तो पिसून द्यायचा, मी वाटायची. शेवटच्या डावानंतर त्याने दोन्ही हात फडक्यावर पालथे ठेवले.

"सांग," तो म्हणाला.

मी सांगितलं. एकूण डाव चाळीस. बरोबरी तीनदा. त्याच्यापुढचे दाणे सुरुवातीला पन्नास, शेवटी एकसष्ट. डाव जिंकून पुढच्या पायरीवर जायचं होतं अशा वेळा सतरा. त्यांपैकी बरोबर नऊ.